भिंतीपल्याडचा हौद

आमच्या लातूरच्या खोलीला मालक 'लोअर ग्राउंड' म्हणतो. तळघर हाय ते, सरळ सरळ तळघर! दहा पायऱ्या उतरायच्या, वर हातभर खिडकी, अन् खिडकीतून नुसते रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसतात. हदगावहून मी माझ्या लुंबिनीला घेऊन इथं आले, डॉक्टरकीच्या क्लाससाठी. तिचा बाप आनंदराज तिकडं एसटीत कंडक्टर. "दोन वर्षं काढ रूपाली, पोरीचं आयुष्य सुधरंल," म्हणाला. आयुष्य म्हणे! इथं पोरीला श्वास पुरंना.

खोली बघायला आले तव्हा भिंतीला प्लास्टिकच्या चकचकीत पट्ट्या लावलेल्या. मी येडी भुलले. दोन महिन्यांत लुंबिनी खोकायला लागली, छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तोंडानं ओढायचा औषधाचा पंप लिहून दिला अन् विचारलं, "घरात ओल आहे का?" घरी आले अन् एक पट्टी उचकटली. आत भिंत बुरशीनं काळीकुट्ट, पोपडे हातात आले. खोलीभर कुबट वास सुटला.

मालक रुद्रेशशेठ, डाळमिलवाले. बोलणं लई गोड. भिंत बघितली अन् म्हणतात, "ताई, तुमच्या भाताच्या वाफेनं ओल येऊन राहिली." दोन माणसांचा भात हो! अन् मी ते खरं मानलं, ह्याचाच लई संताप येतो. महिनाभर पायऱ्यांवर शेगडी मांडून स्वैपाक केला. मिलचा भुसा आत येतो म्हणून खिडकी बंद ठेवत होते, तीबी उघडी टाकली. भिंत काही वाळंना.

मग मी पोरीच्या पेन्सिलीनं भिंतीवर ओलीची रेघ मारत गेले, शेजारी तारीख. आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी ओल वर चढायची अन् पोरीचा पंप वाढायचा. आठवडा सरत आला की दोन्ही कमी. कारण भिंतीच्या पल्याड शेठचा जमिनीतला हौद, काठोकाठ भरलेला. त्याचंच पाणी झिरपून माझ्या भिंतीत येत होतं.

शेठला रेघा दाखवल्या. ते म्हणाले, "फट बुजवायची तर हौद रिकामा करून वाळवावा लागतो. लातुरात भरलेला हौद कोण रिकामा करंल, ताई? पावसाळा लागू द्या, बघू."

मंगळवारी नळ आला. सगळी गल्ली हंडे-घागरी घेऊन बाहेर. लुंबिनी कशीबशी पायऱ्या चढून वर आली अन् तिथंच बसली, तोंडानं श्वास ओढत, ओठ निळे पडलेले. मी ओरडले, "अरे, ऑटो बघा कुणीतरी!" समोरची लक्ष्मम्मा म्हणाली, "आले आले, एवढी घागर होऊ दे." एकबी माणूस नळ सोडंना. शेवटी मीच पोरीला धरून चौकापर्यंत नेलं. दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणायला उशीर केलात."

तिला घरी आणलं त्याच सकाळी मी शेठच्या हौदापाशी गेले. मोटारीचा गच्चीकडं जाणारा पाइप उपसला, तोंड रस्त्याकडं केलं अन् बटण दाबलं.

पाच मिनिटं लागली न्हाईत. अख्खी गल्ली हजर! बादल्या, पातेली, जे हाताला लागलं ते घेऊन. लक्ष्मम्मा कपाळ बडवून घ्यायला लागली, "अगं बाई, पाणी! पाप लागंल तुला!" शेठची बायको महानंदा वरून पळत आली, मागून शेठ, अनवाणी. शेठ ओरडले, "बंद करा आधी! आता पुढचा नळ येईपर्यंत आम्ही काय प्यावं?"

मी बटणापुढं उभी. "न्या की भरून, कुणी अडवलंय? पाण्यासाठी कसे धावत आलात! माझं लेकरू त्या पायरीवर तडफडत होतं तव्हा कुठं गेले होते सगळे? एकानं हातातली घागर खाली ठेवली न्हाई! माणसं हाय का कोण हाय तुम्ही?"

खरं सांगते, मला लई बरं वाटलं. अजून तोंड सोडणार होते.

तेवढ्यात मागून लुंबिनी बोलली. आवाज अजून बसलेलाच होता.

"आई, तूबी आधी घागर भरलीस. मी खालून दोनदा हाक मारली होती."

गल्ली माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं होतं, त्या गडबडीत तिच्या ध्यानात आलं नसंल. हाक मला ऐकू आली होती. पहिलीच ऐकू आली होती. नळ जाईल म्हणून मी वळून बघितलं न्हाई.

शेठनं बटणाकडं हात नेला. मी तो झटकला.

"हाव, भरली," मी म्हणले. "म्हणूनच हा हौद रिकामा करून राहिले. फट बुजवायला मिस्त्रीला फोन लावा."