उरलेल्या कॅप्सूल

इसवी सन १९९८, फेब्रुवारीची नववी तारीख, सोमवार. स्थळ नाशिकलगतचे मखमलाबाद. त्या सकाळी माझ्या शेजारणीच्या, सखुबाईंच्या, मानेवर आणि काखेत लाल चट्टे उठले, आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पुवाचे असंख्य फोड. अंगात ताप होता. बोटात गुलाबाचा काटा मोडून सूज आली, म्हणून शनिवारी मीच त्यांना कॅप्सूल दिल्या होत्या. माझ्या दाढेच्या उपचारातून उरलेल्या. उरलेले औषध जपून ठेवणे आणि गरजवंतास देणे हा माझा नेम होता, आणि शिक्षकाला कोणी प्रश्न विचारीत नसे.

त्यांच्या सासूबाई, साळूबाई, दाराच्या चौकटीला कडुलिंबाचा पाला बांधीत होत्या.

"देवी आल्यात. आता औषधाला हात लावायचा नाय."

"देवीचा रोग जगातून नाहीसा होऊन वीस वर्षे झाली, साळूबाई."

"तुमच्या पुस्तकात मेली आसंल, गुरुजी. माझ्या सुनंच्या अंगावर तर जिती हाय!"

मी हसलो, आणि युक्तिवाद मांडला: जेथे पू तेथे जंतू, जेथे जंतू तेथे हेच औषध. म्हातारी पुन्हा पाला बांधू लागली. सखुबाईंनी माझ्या हातून आणखी दोन कॅप्सूल गिळल्या.

दुपारपर्यंत पाठ, पोट, मांड्या, सारे फोडांनी भरले. सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी विचारले, "कुठलं औषध घेतलं होतं?"

सखुबाईंनी माझ्याकडे पाहिले. "कायबी नाय."

माझी अब्रू त्या तापातही राखीत होत्या. आणि मी ती राखू दिली. परिचारिकेने इंजेक्शन भरले. सुई दंडाशी आली, तेव्हा कोठे मला वाचा फुटली.

"थांबा. कॅप्सूल मी दिल्या. आज सकाळीही दिल्या. सासूबाई नको म्हणत होत्या. मी वाद घातला."

मी कॅप्सूलचे नाव सांगताच डॉक्टरांनी सुई मागे घ्यायला लावली. "हे इंजेक्शनही त्याच जातीच्या औषधाचं आहे. फोड औषधानंच उठलेत. या पुवात जंतू नसतात. औषध बंद केलं की उतरतील."

"परंतु पू पाहून कोणीही—"

त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही.

"आजींचं ऐकलं असतंत, तर यांना इथं आणावं लागलं नसतं."