धुतलेला दगड

प्रयोगशाळेत मला मागून ‘लख्खबाई’ म्हणतात. म्हणू देत. दगडावर बोटाचा ठसा दिसला तरी माझं डोकं फिरतं.

आमचं काम साधं आहे. जमिनीखालची भेग सरकली की फटीत पाणी शिरतं आणि पाण्यातला चुना पांढऱ्या थरांत साठतो. सगळ्यात वरच्या थराचं वय काढलं, की भेग अलीकडे कधी हलली ते कळतं. टेकडीखालच्या भेगेचं वय मी नऊ वर्षांपूर्वी काढलं होतं: साडेतीन लाख वर्षं. ‘भेग मेलेली आहे, भूकंपाचा धोका नाही’ असं लिहून मी सही ठोकली. टेकडीवर शाळा उभी राहिली आणि माझी धाकटी बहीण तिथे शिकवू लागली.

आज सकाळी सहायिका कागद घेऊन आली.

“मॅडम, तुमच्या त्या दगडाचा उरलेला तुकडा कपाटात सापडला. न धुतलेला. त्याच्यावरचा पापुद्रा मोजला.”

“पापुद्रा कसला, मळ आहे तो. मी तो नेहमी आम्लाने काढून टाकते.”

“मळ नाहीये, चुनाच आहे.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “तीनदा मोजला. तीनशे वर्षं.”

मी तिच्यावर खेकसले. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कागदाइतका पातळ थर, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे. म्हणजे तो साठल्यानंतरही भेग घसरली होती. तीनशे वर्षं म्हणजे खडकाच्या लेखी कालचा दिवस, आणि तो मी स्वतःच्या हाताने घासून बेसिनमध्ये सोडला होता. स्वच्छतेची हौस कुणाला, तर मला.

बहिणीला फोन लावताना आकडे दोनदा चुकले.

“मुलांना मैदानात काढ. भेग जिवंत आहे, कधीही हलेल.”

“काहीतरीच काय, ताई? मुख्याध्यापकांना काय सांगू? कोण म्हणतं म्हणून?”

“मी म्हणतेय म्हणून सांग.”

“मागच्या वेळी पण तूच म्हणाली होतीस.”

ती टोचून बोलत नव्हती, ती खरंच गोंधळली होती. मला लाज वाटली.

“मी चुकले गं,” मी म्हणाले. “दगड धुताना पुरावाच धुऊन टाकला मी.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुझ्या शब्दावर मी माझ्या लेकीलासुद्धा इथेच घातलंय, ताई,” ती म्हणाली, आणि फोन तसाच टाकून धावत सुटली.