पट्टी लावलेली बाटली

धोंडबांचे पुत्र लहानू, लहानूंचे पुत्र रुपराव. तिघांनीही गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत माग चालवला आणि गिऱ्हाइकाचे उरलेले सूत कधी घरात राहू दिले नाही. त्या रुपरावांची मी थोरली सून. म्हणूनच १९६८ साली गल्लीतल्या बायकांनी आजारपेटी काढली, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली.

घरटी महिना एक रुपया. त्यातून औषधाचे पैसे मिळत. नियम मीच केले. दवाखान्यातली, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी लावलेली बाटली पंच बायकांना दाखवावी. दुकानातल्या पाचकाला पैसे नाहीत. खोटे दाखवणाऱ्याने दहापट भरावे.

एके दिवशी शेजारची गोपिका आली. "मोठ्याबाई, यांचं पोट तीन दिवसांपासून जळून राहिलं. पाचकाच्या बाटलीले सव्वादोन रुपये द्या ना."

"रस्सा त्यानं ओरपावा अन् दंड पेटीनं भरावा, काहून वं?"

बसलेल्या बायका हसल्या. गोपिका मान खाली घालून गेली.

पुढच्याच आठवड्यात पुतण्याच्या साखरपुड्यात भिवापुरी मिरचीच्या रश्शाला मीही नाही म्हटले नाही. दोन दिवस छाती जळत होती. घरचे पैसे मुलाकडे असत. मागितले असते तर कारण सांगावे लागले असते. मी पेटीतून सव्वादोन रुपये घेतले, इतवारीच्या बाजारातून पाचक आणले, दवाखान्याच्या जुन्या बाटलीत ओतले आणि पंचांना पट्टी दाखवली. कोणी काही बोलले नाही.

जळजळ गेली. गोपिकेची खाली गेलेली मान मात्र नऊ वर्षे डोळ्यांपुढून हलली नाही. दंडाचे पैसे मी पै-पै साठवून केव्हाच बाजूला काढले होते; भरायचे धैर्य नव्हते.

१९७७ साली माझी दृष्टी अधू झाली आणि पेटी गोपिकेकडे द्यायचे ठरले. किल्ली घेताना ती म्हणाली, "तुमच्यावाणी चोख राह्यणं मले जमंल का, बाई?"

तेव्हा गप्प बसवेना. सर्वांसमोर मी सारे सांगितले.

"बाटलीले ओव्याचा वास तर आलाच होता," पंचांतल्या पार्वतीबाई म्हणाल्या.

"मग बोलल्या काहून नाही?"

"तुमाले कोण बोलन?"

याहून मोठा दंड मला कोणी केला नसता. कनवटीचे साडेबावीस रुपये मी पेटीत टाकले. वर तेव्हा तिला नाकारलेले सव्वादोन गोपिकेच्या हातावर ठेवले.

"अन् पाचकाचा नियम?" तिने विचारले.

"खोड."

तिने पैसे दोनदा मोजले, वहीत 'पूर्ण फिटले' असे लिहिले आणि सही कुठे करायची ते माझे बोट धरून दाखवले.