बोटभर उंचीसाठी

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. जुने म्हटल्यावर तुम्ही लगेच माझी झीज शोधू लागाल, पण ती तुम्हाला सापडायची नाही. माझ्या टायरवरची नक्षी अजून नख बुडेल इतकी खोल आहे. मी फार जपून वागले असे मात्र नाही. मला कुणी फारसे वापरलेच नाही. मी एका छोट्या गाडीच्या डिकीतले राखीव चाक, म्हणजे तुमच्या भाषेत स्टेपनी.

आमचा जन्म कारखान्यातला. रबरात काजळी कालवून, आत तारांची जाळी घालून मला तापलेल्या साच्यात दाबले. साचा उघडला तेव्हा मी गोल होते. आमच्या कुळात याहून मोठा पराक्रम नसतो. मग तेरा इंची लोखंडी रिमवर चढवून, हवा भरून मला एका इटुकल्या गाडीपाशी आणले. आम्ही पाच भावंडे होतो. कामगाराने हाताला आली तशी चार उचलली आणि गाडीला लावली. मी उरले. परीक्षा नाही, मुलाखत नाही. मला डिकीत जॅक आणि पान्याशेजारी आडवे केले, वर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर चटई अंथरली. झाले, लागली माझी सोय.

गाडी घेतली छोटूने. छोटू हा सहा फुटी माणूस, पण लहानपणीचे नाव चिकटले ते चाळिशीतही सुटले नाही. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा. घरात माणसे दोनच, तो आणि त्याची आत्या. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. आत्याने जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात बसून लोकांची बोलणी जोडून दिली. निवृत्त झाल्यावर तिला एकच व्यसन उरले, ते म्हणजे रविवारचे पत्ते. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची मैत्रीण राहायची. तिथे चौघी जमत आणि संध्याकाळपर्यंत हटत नसत. परतीच्या वाटेवर आत्या अख्खा डाव छोटूला पुन्हा खेळून दाखवी. कोणी कुठले पान दाबून ठेवले, कोणी चोरून पाहिले, सगळे. ती स्वतः कधी लबाडी करत नसे, असे तिचेच म्हणणे होते.

मला डिकीतून दिसत काही नसे, पण ऐकू सारे येई. भावंडे चिखल उडवत, ऊन खात, घाट चढत आणि मी चटईखाली पडून त्यांची घरघर ऐके. पेट्रोल भरताना त्यांची हवा तपासली जाई. हवेचा पाइप माझ्यापर्यंत कधी आला नाही. माझ्यातली हवा मुंगीच्या पावलांनी निघून चालली होती आणि त्याचा पत्ता माझ्याखेरीज कुणालाच नव्हता. हेवा वाटायचा का? वाटायचा. पण रविवारी आत्या हसू लागली की मीही पुठ्ठ्याखाली खुशीत असे.

मग आत्या घरात पडली. खुब्याचे ऑपरेशन झाले. ती काठी घेऊन चालायला लागली, जिने चढायला लागली, पण आमच्या गाडीपुढे मात्र तिने हात टेकले. गाडी बुटकी, सीट खोल. बसताना धप्पकन बसायचे आणि उठताना छोटूने दोन्ही हात धरून ओढायचे. एका रविवारी मैत्रिणीच्या फाटकापाशी त्याने तिला ओढले, ती अर्धी उठली आणि परत सीटवर पडली. दुसऱ्यांदाही तसेच झाले. मैत्रिणी धावून आल्या, मैत्रिणीच्या शेजारीणबाई आल्या, कुणी खांदा धरला, कुणी पाय धरले. कुणीतरी मायेनेच म्हणाले की पोतेसुद्धा याहून लवकर उतरते. सगळ्या हसल्या, आत्याही हसली. घरी जाताना तिने डावाबद्दल एक अक्षर काढले नाही. घर आल्यावर तेवढे म्हणाली, "पुढच्या रविवारी नको जायला. आणि माझ्या खुब्याचा विषय पुन्हा कुणापाशी काढायचा नाही."

पुढचे रविवार कोरडेच गेले. एकदा गाडीत असताना मैत्रिणीचा फोन आला. चौथा भिडू नसला की खेळ अडतो, म्हणून तोपर्यंत शेजारीणबाईंना बसवले आहे, खेळतात बऱ्या, असे तिने सांगितले. आत्या म्हणाली, "बरं केलंत." मग घर येईपर्यंत ती काचेबाहेर बघत होती म्हणे. हे छोटूनेच दुसऱ्या दिवशी फोनवर कुणाला तरी सांगितले. मी स्वतः जन्माने राखीव. दुसऱ्याच्या जागी बसायला मिळालेल्या शेजारीणबाईंचे मला खरे तर कौतुक वाटायला हवे होते. पण मला आत्याचेच वाईट वाटले. तिची जागा अशीच हळूहळू जाणार आणि ती गेली हे कुणी बोलूनही दाखवणार नाही, याची मला भीती वाटू लागली.

छोटूलाही तीच भीती होती. त्याने मनाशी हिशेब मांडला. सीट खोल आहे कारण गाडी बुटकी आहे, गाडी बुटकी आहे कारण चाके छोटी आहेत, तेव्हा मोठी चाके लावू. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. घोळ झाला तो टायरच्या दुकानात. दुकानदाराने काय हवे ते विचारले आणि छोटू म्हणाला, "मोठी चाकं बसवायचीत." कशासाठी, ते सांगितले नाही. आत्याने विषय काढायचा नाही म्हटले होते ना! दुकानदार बिचारा काय समजायचे ते समजला. रोज असेच हौशी लोक यायचे त्याच्याकडे. त्याने पंधरा इंची चांदीसारखी चकाकणारी रिमे काढली, त्यांवर पातळ टायर चढवले आणि माझ्या चार भावंडांना भिंतीकडे ढकलले. स्टेपनीचे काय, असे त्याने विचारले. छोटू म्हणाला, डिकीतले कोण बघतो, राहू दे जुनीच.

मित्रांनो, गंमत ऐका. रिम दोन इंचांनी मोठे झाले, पण रबर वरून एक आणि खालून एक इंच पातळ झाले. म्हणजे चाक होते तेवढेच राहिले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! गाडी दिसायला लागली ऐटदार, पण जमिनीपासून केसभरही वर उचलली गेली नाही. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडून सांगितले असते. पण आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते, तशातलीच ही गोष्ट.

छोटूने मोठ्या उत्साहाने आत्याला गाडीत बसवले. ती धप्पकन बसली. सीट जिथल्या तिथे होती. आत्याने ते ओळखले असणार, पण छोटूचा उत्साह मोडू नये म्हणून म्हणाली, "छान आहेत हो चाकं." त्यात पातळ रबराला धक्के पेलवत नव्हते. प्रत्येक खड्डा सरळ तिच्या खुब्यात जाई. ती कण्हणे गिळायची, तो ऐकून न ऐकल्यासारखे करायचा. दोघांचा एकमेकांवर एवढा जीव, आणि दोघेही मूग गिळून गप्प.

एका सकाळी डॉक्टरांकडून परतताना गाडी खोल खड्ड्यात आदळली. पुढच्या टायरची कड फाटली आणि फस्सकन हवा गेली. जॅक लावायचा तर आत्याला उतरवणे भाग होते. भर रस्त्यात ओढाओढ झाली. उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते दुखण्याचे नव्हते. ती फुटपाथच्या कठड्याला टेकून उभी राहिली. आणि माझ्यावरचा पुठ्ठा निघाला.

इतक्या वर्षांनी ऊन लागले. छोटूने मला बाहेर काढून कठड्याला लावून ठेवले. मग फाटलेले चाक उतरवले आणि माझ्या शेजारी ठेवले. ते चकाकते, भल्या मोठ्या रिमाचे. मी काळे, धुळीने माखलेले. आत्या आमच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपली काठी उचलली आणि आम्हा दोघांच्या डोक्यांवर आडवी ठेवली. त्या चाकाची हवा गेली होती, पण ओझे नसल्याने ते गोलच उभे होते. काठी अगदी सपाट बसली. इकडे कमी नाही, तिकडे जास्त नाही.

"छोटू," ती म्हणाली, "ही चाकं मोठी कशासाठी घेतली होतीस?"

छोटूने काठीकडे पाहिले. सहा फुटांचा माणूस मान खाली घालून पान्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "तुला उठता यावं म्हणून. गाडी वर उचलली जाईल असं वाटलं मला."

"दुकानदाराला सांगितलंस का हे?"

"विषय काढायचा नाही म्हणाली होतीस तू."

आत्याने आमच्यावरची काठी उचलून घेतली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मग ती म्हणाली, "तुझ्या दुकानात माणूस आला की जवळचं दिसत नाही की लांबचं, ते आधी विचारतोस. आणि मला काही विचारलं नाहीस. मीही खुळी, विचारू दिलं नाही." आणि ती पुढे म्हणाली, "मला ताडमाड उंची नको आहे रे. गुडघे खुब्याच्या वर जातात तेवढंच नडतं. बोट-दोन बोटं मिळाली तरी उठेन मी."

मला गाडीला लावले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर भार आला आणि मी मऊ भाकरीसारखे पसरले. हवाच नव्हती ना! छोटू चुकचुकला. मग आम्ही गोगलगायीच्या चालीने टायरच्या दुकानापर्यंत गेलो. माझा सगळा प्रवास तेवढाच. पण रस्ता कसा असतो ते कळले. खरखरीत असतो आणि फार छान असतो.

या वेळी दुकानात आत्याच बोलली. खुबा, ऑपरेशन, पत्ते, शेजारीणबाई, काही लपवले नाही. दुकानदाराने "आजी" म्हणून सुरुवात केली, तिने नुसते पाहिले, आणि तो "मावशी"वर आला. म्हणाला, "हे त्या दिवशीच विचारायला हवं होतं मी." मग त्याने समजावले. रिम केवढे आहे यावर उंची ठरत नाही, रबरासकट पूर्ण चाक मोजायचे. चाक दोन बोटे मोठे झाले तर गाडी एकच बोट उचलते, कारण दुसरे बोट चाकाच्या वरच्या अर्ध्यात जाते. चाक फार मोठे घ्यावे तर वळताना आतल्या बाजूला घासणार. वेगाचा काटाही थोडा कमी दाखवणार, तेव्हा गाडी बेताने हाकायची. त्याने चौदा इंची रिमावर भरदार टायर चढवले, गाडीत चार माणसे कोंबली आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. कुठे घासले नाही. गाडी बोटभर उचलली गेली होती. आत्याच्या सांगण्यावरून छोटूने समोरच्या दुकानातून दोन बोटे जाड, कडक गादी आणली आणि सीटवर टाकली.

मग आत्या बसली. या वेळी धप्प असा आवाज आला नाही. तिने पाय बाहेर काढले, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला, दुसरा काठीवर. छोटू पुढे झाला. "लांब राहा," ती म्हणाली. दुकानातले सगळे आपापली कामे करत असल्याचे नाटक करू लागले. आत्या पुढे झुकली. थांबली. मला वाटले, बसते आता परत. पण तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि ती उठून उभी राहिली. कुणी धरले नव्हते. छोटूने चष्मा काढून पुसला.

दुकानदार म्हणाला, आता पाचही चाके एका मापाची घ्या, स्टेपनीसुद्धा, अडीअडचणीला तीच कामी येते. म्हणजे माझी नोकरी गेली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याने मला भंगारात दिले नाही. हवा भरून मला त्याच चकाकत्या चाकाशेजारी दुकानाच्या दारात उभे केले. तेव्हापासून मी तिथेच आहे. कुणी मोठी चाके मागायला आला की तो आम्हा दोघांवर पट्टी आडवी ठेवून दाखवतो आणि विचारतो, "कशासाठी हवीत?" कुणी ऐट म्हणतो, कुणी खड्डे म्हणतो, कुणी बराच वेळ घुटमळून घरच्या एखाद्या माणसाबद्दल बोलू लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर डिकीतल्या माझ्या भाऊबंदांची हवा अधूनमधून तपासायला सांगा. आणि ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा करता, त्या माणसाला आधी विचारा, तुला नेमके काय हवे आहे? विचारायला लाज वाटेल. तरी विचारा.

शेजारीणबाईंना आता डाव बघत चहा करावा लागतो, असे कानावर आले आहे. दर रविवारी दुपारी ती छोटी गाडी हवा तपासायला दुकानापुढे थांबते. हवा तपासताना गाडीतून कुणाला उतरावे लागत नाही. छोटूसुद्धा काच खाली करून आतच बसतो. पण पलीकडचे दार उघडते, काठी बाहेर येते, आणि आत्या उतरते.