थंडीला वाट

हालनच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. लिहायला रोज बसायचो, पण जे ठाऊक नाही ते कसं लिहायचं?

हालन माझा भाचा, सैन्यात, दूर पठाणकोटला. त्यानं लिहिलं होतं, 'मामा, खालचा चहामळा थंडीनं जळाला असं कानावर आलं. आई नेहमीसारखं सगळं ठीक आहे म्हणून कळवते. तुम्ही पाहून खरं काय ते लिहा. मळा गेला असेल तर नोकरी वाढवून घेतो, जगला असेल तर कायमचा घरी येतो. मार्च सरायच्या आत सही करायची आहे.'

त्याची आई मिच्ची, माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून एकटीच असते. शेवटी मी पुस्तकांची पिशवी घेऊन कुन्नूरहून बसनं गावी गेलो.

आधी मळ्यावर गेलो. आमच्याकडे जानेवारीत दव गोठतं आणि खोलगट जागेतली झुडपं थोडीफार करपतातच. म्हणून तर संध्याकाळी त्यांच्यावर नेच्याची पानं पसरतात. पण या वेळी अर्ध्याहून अधिक मळा तपकिरी झाला होता. शेजारचे बेल्ली गौडर बांधावर उभे राहून म्हणाले, "मिच्ची, आता इथं गाजरं लाव. आणि अण्णाला पुस्तकातून बी काढायला सांग."

मिच्चीनं नखानं एक फांदी खरवडली. सालीखाली हिरवं होतं. पण दव पुन्हा असंच गोठलं तर तेही राहणार नाही, हे तिनं न सांगताही मला समजलं. मी तिला हालनचं पत्र वाचून दाखवलं. नाचणीचा उंडा आणि घेवड्याचं कालवण माझ्यासमोर ठेवून ती चुलीशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ती वरच्या बांधावर पालापाचोळा जाळत होती. वारा नव्हता. धूर वर न जाता उतारावरून सरपटत खाली आला आणि मळ्याच्या तळाशी असलेल्या कुंपणापाशी साचत गेला. रानगवे आत शिरतात म्हणून गेल्या पावसाळ्यात गावकऱ्यांनी ते कुंपण काट्यांनी गच्च भरलं होतं. धुराची वरची कड सपाट होती, तळ्यातल्या पाण्यासारखी. आणि करपलेली झुडपं नेमकी त्या कडेच्या खाली होती.

मला काहीतरी उमगल्यासारखं वाटलं आणि लगेच शंकाही आली. आयुष्यभर ग्रंथालयात बसलेल्या माणसानं शेतीतलं काय सांगावं? कॉफी संपली तरी मी कप तोंडाला लावतच राहिलो.

"अण्णा, तू कप चाटतोयस. बोल काय ते," मिच्ची म्हणाली.

मी चाचरत सांगितलं, की थंडीही बहुधा त्या धुरासारखी उतरत असावी आणि कुंपणाशी अडत असावी. माझं चुकतही असेल.

"चुकलं तर चार काटे जातील," ती कोयता उचलत म्हणाली. "उठ."

दुपारपर्यंत आम्ही तळाचे काटे काढले आणि त्या जागी लांब लांब बांबू आडवे बांधले, गव्याला अडवतील पण थंडीला वाट मोकळी ठेवतील असे. माझ्या हाताला फोड आले. बेल्ली गौडरांनी विचारलं, गव्यांना जेवणाचं आमंत्रण कधी धाडलं? मिच्ची त्यांना म्हणाली, पंगतीत पहिलं पान तुमचंच आहे. तेवढ्यानं ते हसले आणि शेवटचे दोन बांबू त्यांनीच बांधून दिले.

पुढच्याच आठवड्यात आभाळ निरभ्र झालं आणि कडाक्याची थंडी पडली. पहाटे उजाडताच आम्ही खाली गेलो. तळाशी काट्यांचं कुंपण तसंच असलेला गौडरांचा खोलगट मळा पांढराफटक होता. आमच्या झुडपांवर गोठलेल्या दवाची पांढरी कड दिसत होती, पण उन्हं येताच ती ओघळून गेली आणि पानं तशीच राहिली. मिच्ची तिथंच ओल्या जमिनीवर बसली. गौडर आले, दोन्ही मळ्यांकडे पाहत राहिले आणि घरी कोयता आणायला गेले.

तरी मी उत्तर लिहिलं नाही. हा योगायोग असेल, असं वाटत राहिलं. फेब्रुवारी सरता सरता अवकाळी पावसाची एक सर आली आणि करपलेल्या फांद्यांवर तांबूस कोंब फुटले. एका झुडपावर, मग ओळीच्या ओळींवर. मी प्रत्येक ओळीतून वाकून फिरलो. काही झुडपं मेलीच होती. बाकीची जगली होती.

त्या दुपारी लिहायला बसलो. 'बहुतेक', 'माझ्या अल्प मतीप्रमाणे', 'तज्ज्ञांना विचारून घ्यावं', असं बरंच लिहून झाल्यावर मिच्चीनं ते वाचून दाखवायला सांगितलं.

"हे ऐकून तो येईल की राहील?" तिनं विचारलं.

मी कोरा कागद घेतला. लिहिलं, 'मळा जगला आहे. थोडी झुडपं नवी लावावी लागतील. सही करू नकोस. ये.'

पोस्टाच्या पेटीपर्यंत ती माझ्यासोबत आली, बहुधा मी विचार बदलेन या भीतीनं. मी पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि सोडून दिलं. ते आत पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.