मुठी आवळून पोहून दाखवा

दातांचे डॉक्टर घरी कुणाचं ऐकत नसत. दिवसभर समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गप्प बसलेला. मग घरी कुणी उलट बोललं की त्यांना ते पचायचं नाही. बायको मात्र तीन दिवस एकच धोशा लावून बसली होती, की मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलला कुंपण घाला.

"कुंपण? एवढ्या हौसेनं बांधला, तो कोंडवाडा करायला?"

"अहो, म्हाताऱ्याला परवा मी ओढून काढला. जरा उशीर झाला असता तर?"

म्हातारा म्हणजे त्यांचा कुत्रा. तेरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय अधू. परवा दुपारी सावली शोधत निघाला आणि थेट पाण्यात गेला. ना भुंकला, ना केकाटला. बाई वाळलेले कपडे काढायला बाहेर आल्या म्हणून वाचला.

"कुत्र्याला पोहायला शिकवावं लागत नाही, उपजत येतं," डॉक्टर म्हणाले आणि विषय संपवला. असा विषय संपवणारे आपल्यातही थोडेथोडके नाहीत, वाचकहो.

शनिवारी पूल साफ करणारे काका आले. दर आठवड्याला यायचे, जाळीनं पाला काढायचे, औषध टाकायचे आणि निघायचे. बाईंनी त्यांना परवाची हकीकत सांगितली. काकांनी जाळी भिंतीला टेकवली आणि ते डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, आधी कुंपणाचं बोला. तोवर मी पाण्याला हात लावणार नाही."

"तुम्हालाही फितवलं का हिनं? बरं, वरून ताडपत्री अंथरू. झालं समाधान?"

"ते तर आणखी वाईट. त्याला ती जमीन वाटणार. पाय ठेवला की तो खाली अन् ताडपत्री वर. मागच्या वर्षी एका घरी अशीच मांजर काढली मी. घरचे चार दिवस तिला गल्लीभर शोधत होते."

डॉक्टर जरा चपापले, पण हेका सोडतील तर शपथ. "पण त्याला पोहता येतं हो!"

"येतं ना. दमेपर्यंत येतं. तुम्हाला येतं?"

काकांनी बरोबर नस पकडली होती. "कॉलेजात पोहण्यात पहिला नंबर कधी सोडला नाही मी," डॉक्टर म्हणाले.

"मग उतरा. मुठी आवळायच्या, त्याला कुठं बोटांनी काठ धरता येतो? डोळे मिटायचे. पाय तळाला टेकवायचे नाहीत. दोन गिरक्या घ्यायच्या आणि बाहेर यायचं. मी इथंच उभा आहे."

डॉक्टर हसत हसत उतरले. गिरक्या घेतल्या, काठ गाठला. काठ पाण्यापासून हातभर उंच. ओल्या फरशीवरून मूठ घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. ते काठाकाठानं सरकू लागले, पण शिडीच्या उलट दिशेला. मिनिटभरानं हसणं थांबलं. आणखी दोन मिनिटांनी नाकात पाणी गेलं, छाती धपापू लागली.

"शिडी कुठाय? अरे, सांगा ना कुणीतरी!"

काका काठावर वाकले. "साहेब, हेच त्याला विचारता येत नाही."

डॉक्टरांनी डोळे उघडले. शिडी पार दुसऱ्या टोकाला होती. ते कसेबसे पोहत तिथवर गेले आणि पायरीवरच बसून राहिले. बाई टॉवेल घेऊन आल्या.

"परवा तो असाच फरशीला नखं घासत होता," त्या म्हणाल्या. "रक्त आलं होतं. मी पुसून टाकलं. सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतं."

आपल्याच घरात आपल्या बायकोला रक्त पुसून गप्प बसावं लागलं, याची डॉक्टरांना भयंकर लाज वाटली. ओल्या अंगानंच त्यांनी कुंपणवाल्याला फोन लावला. आठवड्याभरात कुंपण उभं राहिलं, खालून घुसता येणार नाही असं, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं. काकांनी पाण्यात उतरती, खरखरीत फळीही बसवून दिली.

"फळी लावून भागत नाही," काकांनी बजावलं. "ती कुठं आहे, हे त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे."

मग रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी डॉक्टर पाण्यात उभे. म्हाताऱ्याच्या पोटाखाली हात धरायचा, वेगवेगळ्या जागांवरून सोडायचं आणि फळीपर्यंत न्यायचं. पहिले आठ दिवस तो उलटाच जायचा. डॉक्टर चिडले नाहीत, कंटाळले नाहीत, एक दिवसही चुकले नाहीत. सोळाव्या दिवशी त्यांनी हात काढून घेतला. म्हातारा घुटमळला, भिंतीला नाक लावून हळूहळू सरकला आणि फळीवर चढून आपला आपण बाहेर आला. डॉक्टर पाण्यातच ढसाढसा रडले.

तेव्हा मंडळी, ज्यांच्या घरी पाणी आहे आणि मुकं जनावरही आहे, त्यांनी उद्यावर टाकू नये. पाणी आपण आपल्या हौसेसाठी आणलं. त्यातून जिवंत बाहेर यायची वाट करून देणं आणि ती शिकवणं, हे कामही आपलंच आहे.