पान नसलेला पानाचा डबा

मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. मित्रांनो, तळेगावच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि सीतारामभाऊंनी आपल्या नव्या नवरीसाठी, आक्काबाईंसाठी, मला वराळ्याला आणलं. तेव्हा काय तोरा होता माझा! भातलावणीला मी बांधावर बसायचो आणि बायका म्हणायच्या, "आक्का, तुजा डबा लय चकाकतोय गं!"

सीतारामभाऊ गेले. पुढे आक्काबाईंना साखर निघाली आणि पान सुटलं. मी अडगळीत जाणार असं वाटलं होतं, पण त्यांनी माझ्यात साखरेच्या गोळ्या लपवल्या. धाकट्या लेकीला, यशोधराला, तेव्हा स्थळं बघत होते. आईला साखर आहे म्हटल्यावर पाहुणे पोरीला नाकारतील, या धास्तीने त्यांनी थोरल्या रेणुकालाही कळू दिलं नाही.

रेणुका कंपनीत नोकरीला. तिने आईचा आरोग्य विमा काढायला घेतला. शेजारी बसून तिने नीट समजावलं, "आई, आजार आधी सांगितला तर वर्षभर थांबावं लागेल, पण पुढे खर्च मिळेल. लपवला तर काहीच मिळणार नाही. तुला काही आहे का?"

"मला काय धाड भरलीय? कायबी न्हाई!"

मी त्यांच्या मांडीशीच होतो. रेणुके, मला उघड गं, म्हणून माझा जीव तुटत होता. पण डब्याला कुठली वाचा!

यशोधराचं लग्न झालं. तरीही आक्काबाई गप्पच. पोर नुकती नांदायला गेलीय, म्हणायच्या. मग दोन-तीन वर्षांनी एका लावणीत त्यांच्या तळपायात काच शिरली. साखरेने बधिर झालेल्या पायाला ती कळलीच नाही. जखम चिघळली, पण दवाखान्यात गेलं तर साखरेचं बिंग फुटेल म्हणून त्यांनी चिंधी बांधून तीही लपवली. पाय काळा पडला तेव्हा रेणुकाने त्यांना दवाखान्यात नेलं. पिशवीत मीही होतो.

डॉक्टरांनी विचारताच आक्काबाई म्हणाल्या, "साखर हाय की, धा वर्सं झाली." डॉक्टरांशी खोटं बोलायचं नसतं, असं त्या मानत. डॉक्टरांनी लिहून घेतलेलं ते विमा कंपनीपर्यंत जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आजार लपवला म्हणून कंपनीने हात वर केले. आधीच सांगितलं असतं तर खर्च मिळाला असता; थांबायचं वर्ष तर कधीच उलटून गेलं होतं! पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात पाय वाचला असता, पण तिथला खर्च झेपणारा नव्हता.

"आई, निदान मला तरी सांगायचंस!" रेणुका भिंतीला टेकून रडली.

"यशीचं लगीन मोडलं असतं गं."

संध्याकाळी यशोधराची सासू रतनबाई भेटायला आली. चहाबरोबर दोन बिस्किटं खायच्या आधी तिने कनवटीची गोळी काढली. "साखरंची हाय," ती म्हणाली. "आमच्यात समद्यांनाच हाय. त्यात काय लपवायचं?"

आक्काबाईंनी तोंडावर पदर घेतला. सकाळी त्यांचा पाय घोट्याच्या वर कापला.

मित्रांनो, आईवडिलांचा विमा जरूर काढा. पण आधी त्यांच्याजवळ बसून सांगा, की आजारी पडणं ही काही चोरी नाही. माझ्या आक्काबाईंना हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर आज त्या दोन्ही पायांवर उभ्या असत्या.